इंगवल्यांनी गल्ली मोजली

रंकाळ्यावरचा सूर्यास्त उदयसिंह इंगवल्यांनी इतक्यांदा काढला होता, की आपल्याला काठावर बघितलं की सूर्य जरा घाईनंच बुडतो, अशी शंका त्यांना यायला लागली होती. पण तो बुडण्याआधी ते त्याला गाठत आणि रविवारी हौशी छायाचित्रकारांच्या मंडळात नेऊन दाखवत. हे मंडळ एका शाळेच्या वर्गात भरे. सगळे सभासद पन्नाशीच्या पुढचे आणि बाकं सातवीची, त्यामुळे कलेची चर्चा गुडघे पोटाशी घेऊनच करावी लागे.

मंडळाच्या सरांनी एका रविवारी इंगवल्यांचा ताजा सूर्यास्त हातात धरला, लांब नेला, जवळ आणला.

"सूर्य चांगला आहे," सर म्हणाले, "पण तो सगळ्यांकडंच आहे. इंगवले, तुमचं स्वतःचं असं काय आहे?"

प्रश्न साधा होता, पण इंगवल्यांना तो लागला. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक म्हणून त्यांची उभी हयात गेली होती आणि तिथं हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. घरी जाईपर्यंत ते विचार करत राहिले. स्वतःचं असं काय आहे? कॅमेरा लेकीनं, तेजस्वीनं, दिलेला. घर वडलांनी बांधलेलं. मतं बहुतेक वर्षाराणींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची. आणि मग शिवाजी पेठेतल्या आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर त्यांना उत्तर दिसलं. गल्ली! आपली गल्ली! तिच्यातली दारं, उंबरे, कड्या, पायऱ्या. मंडळाच्या प्रदर्शनाला महिनाभर अवकाश होता. इंगवल्यांनी ठरवलं, आपण दारं काढायची.

अडचण एकच होती. इंगवल्यांचा हात हलायचा. हा काही आजार नव्हता, हा स्वभाव होता. कुलूप लावून निघालेला हा माणूस कोपऱ्यावरून परत येऊन कुलूप ओढून बघायचा, आणि ओढल्यामुळे ते निघालं तर नसेल ना म्हणून पुन्हा परतायचा. बटण दाबायच्या क्षणी त्यांच्या मनात इतक्या शंका एकदम गर्दी करत, की फोटोतली दारं भूकंपात सापडल्यासारखी येत. तेजस्वीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, "पप्पा, ट्रायपॉड घ्या. कॅमेरा त्याच्यावर ठेवा आणि तुम्ही बाजूला हलत बसा."

तो तीन पायांचा स्टँड घरात आला आणि इंगवल्यांची झोप घेऊन गेला.

सकाळचं ऊन तिरपं असतं तेव्हा दारांची नक्षी उठून दिसते, असं सरांचं मत. म्हणून सुट्टीच्या सकाळी इंगवले गल्लीच्या मधोमध उभे राहिले. डोक्यावर खात्याच्या कसल्याशा कार्यक्रमात मिळालेली टोपी. पुढं तीन पायांवर कॅमेरा. एक डोळा मिटून ते बघत, चार पावलं मागं जात, मान वाकडी करत, पुन्हा पुढं येत. शेजारचा गुंडू दुधाची किटली घेऊन चालला होता. तो थांबला.

"उदयदादा, काय करालाय?"

इथं इंगवल्यांनी 'दारांचे फोटो काढतोय' एवढे तीन शब्द उच्चारले असते, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण त्यांना लाज वाटली. आपण कलावंत आहोत हे शेजाऱ्याला, त्यातून हातात किटली असलेल्या शेजाऱ्याला, सांगणं फार अवघड असतं. ते म्हणाले, "काही नाही रे. जरा बघतोय."

सरकारी नोकर, डोक्यावर सरकारी टोपी, पुढं तीन पायांचं यंत्र, आणि 'जरा बघतोय'. गुंडूच्या हातातली किटली कलली.

दुपारी गणपतराव आले. गणपतराव म्हणजे तालमीचे जुने वस्ताद आणि गल्लीचे बिनपगारी सल्लागार. लग्न, खोकला, गाडीचा विमा, कशावरही ते सल्ला देत आणि तो ऐकला गेला की नाही हे बघायला पुन्हा येत. ते खुर्चीत बसले, चहा घेतला आणि आवाज खाली आणला. त्यांचा खाली आणलेला आवाज चार घरांत ऐकू जाई.

"उदयसिंगराव, किती आत घेनार?"

"कोण?"

"रस्ता वो. रुंदीकरनात आमच्याकडनं किती जानार, तेवढं सांगा. मी कुठं बोलनार न्हाय."

इंगवल्यांना आधी कळेना आणि कळलं तेव्हा ते ताडकन उठले. "अहो, कसलं रुंदीकरण? मी फोटो काढत होतो."

"कशाचा?"

"दारांचा."

"दारात कोन हुतं?"

"कुणी नव्हतं."

गणपतरावांनी त्यांच्याकडं कीव आल्यासारखं बघितलं. "मानूस नसलेल्या दाराचा फोटू सरकारच काढतंय, उदयसिंगराव. पर असूं दे. तुमच्या तोंडाला कुलूप हाय, आमाला कळतंय."

आणि ते निघून गेले. गल्लीत सांगायला.

संध्याकाळपासून माणसं यायला लागली. कुणी रिकाम्या हातानं येईना. एक पातेलं तांबडा रस्सा आला, डबाभर चकल्या आल्या. इंगवल्यांनी प्रत्येकाला शपथेवर सांगितलं, आणि जितक्या शपथा घेतल्या तितका लोकांचा संशय घट्ट झाला. कोपऱ्यावरचे शिंपी मीरासाब दाराबाहेरच उभे राहिले. त्यांच्या दुकानापुढं पत्र्याची शेड होती आणि तिच्या सावलीत गिऱ्हाईक मापं द्यायला उभं राही.

"साहेब, माझी शेड फोटोत आली काय?"

"अर्धी आली," इंगवले प्रामाणिकपणे म्हणाले.

मीरासाबांनी वळून दुकानाकडं बघितलं. "मग ऱ्हायलेली अर्धी तरी ठेवतील न्हवं?"

वर्षाराणी आतून सगळं ऐकत होत्या. रश्श्याचं पातेलं झाकून ठेवत त्या म्हणाल्या, "अहो, सरळ सांगून टाका की फोटो काढत होतो म्हणून."

"तेच सांगतोय सगळ्यांना!"

"मग तोंड असं चोरागत का करताय?"

याला इंगवल्यांकडं इलाज नव्हता. त्यांचं तोंड जन्मतःच तसं होतं. चौकात पोलीस उभा दिसला की सगळे कागद खिशात असूनही त्यांचा चेहरा असा व्हायचा, की पोलीस नेमका त्यांनाच बाजूला घ्यायचा. खरं बोलताना तर तो चेहरा जास्तच खोटा दिसे.

रात्रभर तळमळून त्यांनी एक सरळमार्गी उपाय काढला. आपण महापालिकेच्या विभागीय कार्यालयात जायचं आणि 'या गल्लीत कसलीही मोजणी चालू नाही' असं लेखी आणायचं. ते दारावर चिकटवलं की विषय संपला. सरकारी माणसाचा सरकारी कागदावर जो विश्वास असतो, तो देवाच्या अंगाऱ्यावरही नसतो.

खिडकीतल्या बाबूंनी त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं.

"मोजणी चालू आहे का?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"चालू नाही, एवढंच लिहून पाहिजे."

"जे चालू नाही त्याची फाईल नसते. फाईल नसेल तर पत्र कशाच्या आधारानं द्यायचं? तुम्ही खात्यातले दिसता. तुम्हीच सांगा."

इंगवल्यांना सांगता येईना, कारण बाबूंच्या जागी ते असते तर त्यांनी हेच म्हटलं असतं. बाबूंना दया आली असावी. ते पुढं वाकले. "एक मार्ग आहे. तुम्ही अर्ज करा."

"कसला?"

"आमच्या गल्लीची रुंदीकरणासाठी मोजणी करावी, असा. आम्ही तो नामंजूर करतो. नामंजुरीचं पत्र तुम्हाला मिळतं. त्यात स्पष्ट येतं, मोजणी होणार नाही."

इंगवल्यांनी अर्ज लिहायला घेतलासुद्धा. तालुका, जिल्हा इथवर लिहून झालं आणि एकदम त्यांचं पेन थांबलं. समजा, मंजूर झाला तर? साहेबांनी चुकून सही केली तर? स्वतःच्या सहीनं स्वतःच्या गल्लीवर जेसीबी घालणारा माणूस म्हणून आपलं नाव राहील! त्यांनी कागदाचे तुकडे केले, खिशात कोंबले आणि धावत बाहेर पडले, ते नेमके राजवीरसमोर.

राजवीर त्यांच्याच गल्लीतला. त्यानं नवी चारचाकी घेतली होती आणि ती गल्लीत मावत नसल्यामुळे लांबच्या मैदानाकडेला लावावी लागे. तिथं तिच्यावर रोज चेंडू आपटत. रुंदीकरण हे राजवीरचं एकमेव स्वप्न होतं.

"काका!" त्याचा चेहरा उजळला. "फाईल आत गेली वाटतं?"

"नाही रे बाबा! काही नाही आत! मी नुसता..."

"व्हय व्हय. जरा बघायला आलता," राजवीर डोळा मिचकावून म्हणाला.

त्यानंतर गल्लीला शंका उरली नाही. गणपतरावांनी तालमीत सल्ला जाहीर केला: जेसीबी आला तर दगडसुद्धा हाताला लागत नाहीत, त्यापेक्षा आपल्या हातानं काढून ठेवा, निदान माल तरी वाचेल. हा सल्ला मात्र सगळ्यांनी ऐकला. पायऱ्या निघाल्या. तुळशीच्या कुंड्या आत गेल्या. मीरासाबांनी शेडचे पत्रे उतरवले आणि त्यांची गिऱ्हाइकं उन्हात डोळे बारीक करून मापं द्यायला लागली. गल्ली भादरलेल्या मेंढीसारखी दिसायला लागली. इंगवले कचेरीतून येताना खाली मान घालून येत. लोक त्यांना बघून गप्प होत. आणि राग असता तरी बरं, पण ते आदरानं गप्प होत.

एके दिवशी ते आले तर गुंडू पहार घेऊन घरापुढचा दगडी कट्टा उखडत होता. त्या कट्ट्यावर त्याची आई, बयाबाई, बसायची. दुपारची जेवणं झाली की ती तिथं येई ते दिवेलागणीपर्यंत. कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचं पोर शाळेतून आलं नाही, कुणाच्या चुलत्याची तब्येत कशी आहे, सगळं त्या कट्ट्यावर कळे. इंगवल्यांना लहानपणी वडलांनी मारलं की ते याच कट्ट्यावर येऊन बसत आणि बयाबाई काही न विचारता मूठभर शेंगा पुढं करी. आता ती चौकटीला धरून उभी होती आणि एकेक दगड निघताना बघत होती.

"गुंडू, थांब!" इंगवले ओरडले. त्यांच्या आवाजानं तेच दचकले.

गुंडूनं पहार थांबवली. "का? आमाला सूट मिळाली?"

"अरे, सूट कसली! मोजणीच नाही! मी फोटो काढत होतो, आदल्या दुपारी तुझ्या आईचासुद्धा काढलाय!"

गुंडूनं कपाळावरचा घाम पुसला आणि अगदी मायेनं म्हणाला, "दादा, तुमी नका काळजी करू. तुमच्या नोकरीचं आमाला कळतंय. तुमच्याकडनं कळलं असं कुनी म्हननार न्हाय. सगळ्या गल्लीनं ठरवलंय." आणि त्यानं पुढचा दगड काढला.

त्या दिवशी इंगवल्यांना जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खिडकीतून बघितलं. बयाबाई दारात आली, नेहमीच्या सवयीनं खाली बसायला वाकली, आणि बसायला काही नाही हे आठवून तशीच ताठ झाली. थोडा वेळ उभी राहिली. मग गुडघे चोळत आत गेली. तिसऱ्या दिवशी तर त्या मोकळ्या जागेत राजवीरची गाडी येऊन उभी राहिली, दाराला इतकी चिकटून, की बयाबाईला उभं राहायलाही जागा उरली नाही.

"आता बोला," वर्षाराणी म्हणाल्या. "एकेकाला न्हाय, सगळ्यांना एकदम. आणि तोंडानं नको. फोटो दाखवा."

तालमीत फुटबॉलच्या मॅचसाठी घेतलेला मोठा टीव्ही होता. सगळी गल्ली सतरंज्यांवर जमली. इंगवल्यांनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा ती बसेना, मग बसली तर निघेना. शेवटी पडद्यावर पहिलं दार आलं.

पुढचं दार आलं. उन्हात चमकणारी पितळी कडी. मग झिजलेला उंबरा. मग मीरासाबांची अर्धी शेड आणि तिच्याखाली लोंबणारी माप घ्यायची फीत.

"हे आमचं दार?" मागून कुणीतरी बाई म्हणाली. "एवढं चांगलं हाय?"

"कडी काळी झालीया, पुसून तरी काढायची," दुसरी म्हणाली.

मग गुंडू उठून उभा राहिला. "म्हंजे तुमी खरंच फोटू काढत हुता?"

"हो," इंगवले म्हणाले.

"नुसतं फोटू?"

"हो."

इंगवल्यांनी दाराकडं जायची वाट नजरेनं आखली. मग एकदम गलका उठला. "मग आदी बोलायचं की!" "आमची पायरी गेली की वो!" "चकल्या परत द्या!" कोण काय ओरडतंय कळेना. उखडलेल्या प्रत्येक दगडाचा हिशेब आपल्याला मागितला जाणार, असं इंगवल्यांना वाटलं; आणि तेवढ्यात, आपण काय सल्ला दिला होता हे ज्यांना सगळ्यांच्या आधी आठवलं, ते गणपतराव उठले.

"मी तवाच म्हनलो हुतो," त्यांनी ठणकावून सांगितलं, "मानूस फोटू काढतोय. तुमीच ऐकलं न्हाईसा. आता जे ज्याचं हुतं ते त्यानं परत बांदा."

लोकांनी बांधायला घेतलं. पण माणसाला परत बांधताना सगळंच थोडं मोठं आठवतं. भांडणं लागली की मंडळी इंगवल्यांच्या घरी येत, फोटो बघत आणि निमूट जात. तेही निभलं असतं, पण राजवीर गाडी हलवेना.

"इथं कट्टा होता हे मान्य," तो म्हणाला, "पण एवढासा. पायरीएवढा. तेवढा बांधा, माझी गाडी बसते." आणि त्यानं हातानं जी रुंदी दाखवली, तिच्यावर मांजर बसलं असतं, बयाबाई नाही.

सगळी गल्ली फोटो बघायला आली. इंगवल्यांनी फोटो लावला. बयाबाईचा चेहरा झकास आला होता. एकेक सुरकुती मोजून घ्यावी. दगडावर टेकलेला हात होता. पण कट्टा तिथंच संपत होता, कारण 'नको ते फोटोतून काढून टाका' असं सर सांगत आणि इंगवल्यांनी कट्ट्याची अख्खी डावी बाजू नको ते म्हणून काढून टाकली होती.

"बघा!" राजवीर म्हणाला. "हाताएवढाच हाय."

गणपतरावांनी खाकरून सगळ्यांना गप्प केलं. "फोटूत नसंना. काढताना ह्यांनी बगितलाय. उदयसिंगराव, कट्टा कुठवर हुता, तुमी दाखवा. तुमी म्हनाल तिथवर."

सगळे बाहेर आले. गल्लीत, भर दुपारी, सगळ्यांच्या मधोमध इंगवले उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कुठलंही वाक्य 'साधारणपणे' आणि 'माझ्या माहितीप्रमाणे' याशिवाय संपवलं नव्हतं. कट्टा कुठवर होता? खरंच आठवत नव्हतं. फार मोठा नसावा. गाडीच्या आडून बयाबाईचं नुसतं डोकं दिसत होतं. ती त्यांच्याकडं बघत नव्हती, आपल्या दारापुढच्या जमिनीकडं बघत होती.

मीरासाबांनी खिशातला खडू काढून पुढं केला. इंगवले वाकले. त्यांना जिथवर वाटत होतं तिथवर खडू नेला, तिथं क्षणभर थांबले, आणि मग तो आणखी हातभर पुढं ओढला.

"इथवर," ते म्हणाले.

राजवीर रेघेकडं बघत राहिला. ती त्याच्या गाडीच्या बरोबर खालून गेली होती. "नक्की, काका?"

इंगवल्यांचा हात थरथरत होता, म्हणून त्यांनी तो पाठीमागं घेतला. चेहऱ्याचं मात्र त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. पण आश्चर्य असं, की खरं बोलताना चोरटा दिसणारा तो चेहरा त्या दिवशी चक्क एखाद्या न्यायाधीशासारखा दिसला, असं वर्षाराणींनी नंतर सांगितलं.

"नक्की," ते म्हणाले.

संध्याकाळी गाडी मैदानाकडं परत गेली.

प्रदर्शनात बयाबाईचा फोटो लागला. बक्षीस मिळालं नाही. सर बराच वेळ फोटोपुढं उभे होते. मग म्हणाले, "चेहरा उत्तम. पण ही बाई कशावर बसलीय ते कळत नाही. इंगवले, डावीकडं जरा जागा सोडायला हवी होती."

पुढच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी ते घरी चालले होते. खांद्याला कॅमेरा होता, पण तो काढायचा धीर अजून होत नव्हता. बयाबाई नव्या कट्ट्यावर पाय पसरून बसली होती. सिमेंटचा ओला वास अजून गेला नव्हता.

"उदय," तिनं हाक मारली. "पयला कट्टा एवढा न्हवता रं."

इंगवल्यांनी गल्लीत मागं-पुढं बघितलं, राजवीरच्या खिडकीकडं बघितलं. "काकू, हळू बोला!"

"आता कशाला हळू? सिमिट वाळलं की." तिनं पदरानं शेजारचा दगड झटकला आणि जरा बाजूला सरकली. "उभा का? बस. दोगांपुरता झालाय."

इंगवल्यांनी खांद्यावरचा कॅमेरा उतरवला आणि ते बसले.